मेलॅनोमा वेळेत निघाला, तरी रात्री दोनला उठून पाय बघावासा वाटतो, त्याचं काय करायचं

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मला नीट कळलंय का ते तुम्हालाही पाहता येईल. तुमचं वय ४६, तासगाव भागात द्राक्षबाग. उजव्या तळव्यावर, टाचेजवळ काळा डाग होता, तो मिरजेत काढून तिथे दुसरीकडची कातडी लावली. रिपोर्टमध्ये मेलॅनोमा, म्हणजे त्वचेतल्या रंगाच्या पेशींचा कॅन्सर, जाडी ०.६ मिलिमीटर, डाग फुटून जखम (अल्सर) झालेली नाही, कडा मोकळ्या, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सरच्या पेशी नाहीत. डॉक्टर म्हणाले, "आता काही करायचं नाही, लक्ष ठेवा, सहा महिन्यांनी या." त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून दिवसातून वीसेक वेळा पाय बघितला जातो. रात्री दोनला जाग येते, मोबाईलच्या टॉर्चने पुन्हा बघता, जांघेत गाठ लागते का ते चाचपता. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय आणि बागेत पाऊल टाकवत नाही. घरी वहिनी, म्हणजे तुमच्या मिसेस, म्हणतात, "विचारच करू नका." तुमचे प्रश्न तीन: पेट स्कॅन (आजार कुठे पसरलाय का ते बघणारा अंगभराचा स्कॅन) करून एकदाचं मोकळं व्हावं का, बागेत जावं का, आणि मी एवढा घाबरट कसा झालो?

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं त्यावर उभं आहे. तुम्ही घाबरट नाही. कॅन्सरच्या पेशंटचं समुपदेशन हे माझं रोजचं काम आहे, आणि ज्यांचा आजार लवकर सापडला त्यांची भीती अनेकदा उपचार संपल्यावरच सुरू होते. बायोप्सी, ऑपरेशन, ड्रेसिंग, टाके हे चालू असतं तोवर रोज काहीतरी करायला असतं. ते संपतं आणि एक वाक्य हातात येतं: लक्ष ठेवा. किती वेळा, कधी, नेमकं काय बघायचं, हे कोणी सांगत नाही. राखण करायला सांगितली, राखणीची वेळ सांगितली नाही, असं झालंय. मग मन चोवीस तास राखण करतं. "विचारच करू नका" हा सल्ला म्हणूनच चालत नाही. बघायला तर डॉक्टरांनीच सांगितलंय, मग विचार सोडायचा कसा? राखणीला वेळ आणि पद्धत द्यायची, आणि उरलेला दिवस तिच्यातून सोडवून घ्यायचा, हे खरं काम आहे. ते शिकता येतं. ऑस्ट्रेलियात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातल्या मेलॅनोमाच्या पेशंटना एक माहितीपुस्तिका आणि तपासणीच्या तारखांच्या आगेमागे मानसतज्ज्ञाशी तीनदा फोनवर बोलणं, एवढंच दिलं होतं. नेहमीची देखभाल मिळालेल्यांपेक्षा त्यांची भीती कमी झाली.

पुढे जाण्याआधी, काय कशावर अवलंबून आहे ते सांगते. मी जे लिहिणार आहे ते तुम्ही दिलेल्या रिपोर्टला धरून आहे. जाडी १ मिलिमीटरच्या वर असती, डागावर अल्सर असता किंवा "खालची कड मोकळी नाही" असं लिहिलेलं असतं, तर जांघेतली पहिली लसीकाग्रंथी (आजार पसरला तर पेशी सहसा आधी जिथे पोचतात ती गाठ) काढून तपासण्याची चर्चा झाली असती आणि तपासण्यांचं वेळापत्रकही वेगळं असतं. या आधी कधी नैराश्य किंवा पॅनिकचा त्रास झाला असेल, तर खालचे उपाय एकट्याने करत बसू नका, सुरुवातीपासूनच कोणाची तरी मदत घ्या. आणि तुमच्या पायाचा शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच.

आता रिपोर्ट. तो फाईलमधून काढून समोर ठेवा. भीतीचा बराच भाग अर्धवट वाचलेल्या शब्दांतून येतो, असं मला नेहमी दिसतं. त्यातला "इन्व्हेसिव्ह" हा शब्द वाचून अंगभर पसरलाय असं वाटतं. त्याचा अर्थ एवढाच, की पेशी त्वचेच्या सर्वात वरच्या थराखाली उतरल्या होत्या. किती उतरल्या ते "ब्रेस्लो" नावाच्या आकड्यात असतं. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनी १९७० मध्ये ही मोजणी मांडली, आणि आजही पुढचा अंदाज बांधताना डॉक्टर आधी तोच आकडा बघतात. तुमचा ०.६ मिलिमीटर म्हणजे वहीची साधारण सहा पानं एकत्र दाबली तर होईल तेवढी जाडी. ०.८ च्या खाली आणि अल्सर नाही, ही सगळ्यात पातळ गटातली नोंद. या गटात जांघेतल्या ग्रंथीत पेशी सापडण्याची शक्यता ५ टक्क्यांपेक्षा कमी असते, म्हणून ती तपासणी सहसा करत नाहीत. ती तुमची राहून गेली असं मनात असेल, तर तसं नाही.

जगभर वापरल्या जाणाऱ्या टप्प्यांच्या कोष्टकात या पहिल्या पायरीवरच्या १०० जणांपैकी ९८ जण दहा वर्षांनंतरही या आजाराने दगावलेले नसतात. हा आकडा मुख्यतः गोऱ्या लोकांच्या नोंदींवरून काढलेला आहे. तळव्यावरच्या, नखाखालच्या मेलॅनोमात, जो आपल्याकडे जास्त दिसतो, आकडे थोडे कमी येतात. हे मी लपवत नाही, कारण तुम्हाला कुठेतरी ते वाचायला मिळणारच आणि मग माझ्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडेल. पण तिथेही जाडी हाच मोठा निकष आहे आणि तुमची जाडी चांगल्या बाजूची आहे. इंटरनेटवर वाचताना लेखाची तारीख बघत जा. पसरलेल्या मेलॅनोमावरची नवी इम्युनोथेरपीची (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारी) औषधं २०११ पासून मंजूर होत गेली. त्याआधीच्या गोष्टी आजच्या पेशंटला लागू पडत नाहीत. त्यातून, त्या बहुतेक पसरलेल्या आजाराच्या असतात, ०.६ मिलिमीटरच्या नाहीत.

आणखी एक गैरसमज मला वारंवार भेटतो: "डाग एवढासा, आणि भोक एवढं मोठं पाडलं. म्हणजे डॉक्टर काहीतरी लपवतायत." १ मिलिमीटरपर्यंत जाडीच्या मेलॅनोमाभोवती चारही बाजूंनी १ सेंटीमीटर चांगली त्वचा काढायची, असा नियम आहे. डाग ८ मिलिमीटरचा असेल तर दोन्हीकडचे दहा-दहा धरून २८ मिलिमीटरचा तुकडा निघतो. तळव्याची कातडी ताणून जुळत नाही, म्हणून तिथे दुसरीकडची कातडी लावावी लागते किंवा जखम हळूहळू भरू द्यावी लागते. जखम मोठी दिसते ती नियमामुळे. आणि "सुरी लागली की पसरतं" असं गावात कोणी म्हणालं असेल, तर ते खोटं आहे. ती सुरी लागली म्हणूनच कडा मोकळ्या आल्या.

रिपोर्टबद्दल एकदा दुसरं मत घ्यावंसं वाटत असेल तर जरूर घ्या. रंगाच्या पेशींच्या स्लाइड वाचणं अवघड काम आहे, त्यामुळे यात कोणाचा अपमान नाही. हॉस्पिटलकडे स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (काढलेला तुकडा ज्यात जपून ठेवतात तो) मागता येतो, आणि तो मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दाखवता येतो. पण हे एकदाच. दुसऱ्या मतानंतर तिसरं, चौथं सुरू झालं, की ती काळजी घेणं राहत नाही, काळजी करणं होतं.

पेट स्कॅनचं असं आहे. या टप्प्यात, काही लक्षण नसताना, नेहमीचा स्कॅन करावा असं तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत. रक्ताची तपासणीही नाही. कारण खर्च हे नाही. मेलॅनोमाच्या बारीक पेशी स्कॅनला दिसत नाहीत, म्हणजे "काही नाही" असा रिपोर्ट आला तरी तुम्हाला हवी ती खात्री तो देऊ शकत नाही. उलट, शरीरात जिथे जिथे दाह आहे ते सगळं स्कॅनमध्ये उजळतं: भरत असलेली जखम, पायाच्या चिखल्यांमुळे सुजलेली जांघेतली ग्रंथी, छातीत राहिलेल्या जुन्या टीबीच्या खुणा. आपल्याकडे अशा खुणा कमी नाहीत. मग त्या उजळलेल्या ठिपक्याची सुई-तपासणी, आठवडाभर रिपोर्टची वाट, आणि शेवटी "टीबीची जुनी गाठ आहे". माणूस मोकळा होण्यासाठी जातो आणि तीन महिने आणखी अडकतो. पुढे कधी नवी गाठ लागली, तर डॉक्टर सोनोग्राफी किंवा स्कॅन सांगतील, आणि तेव्हा त्याला अर्थ असेल.

आता मुख्य गोष्ट, बघण्याची. तुम्ही बागायतदार आहात, म्हणून तुमच्याच कामातलं सांगते. पाऊस उघडल्यावर वेलीवर डाउनी (बुरशीचा रोग) आलीय का ते तुम्ही सकाळी फेरी मारून, पानं उलटून बघता. तेच पान दिवसातून वीस वेळा उलटत नाही, आणि रात्री टॉर्च घेऊन तर नाहीच. पायाच्या बाबतीत नेमकं हेच चाललंय, आणि त्याने तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, दाबून-चोळून ऑपरेशनच्या व्रणाची जागा लाल होते, सुजते, ठणकते. मग तो लालपणा बघून पुन्हा धस्स होतं. जांघेचंही तेच. पायाला काटा लागला, भेगा पडल्या की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडे कोणालाही माहीत आहे. शेतात वावरणाऱ्या माणसाच्या जांघेत लहान, मऊ, बोटाखाली सरकणाऱ्या गाठी एरवीही लागतात. त्या रोज दाबल्या की दुखू लागतात, आणि दुखलं की वाटतं, वाढली.

दुसरी, उजेड. ट्यूबलाईटखाली, टॉर्चच्या झोतात आणि ओसरीवरच्या उन्हात एकच डाग तीन रंगांचा दिसतो. मोबाईलचा कॅमेरा तर उजेड ओळखून रंग आपणहून बदलतो, रात्रीच्या मोडमध्ये तपकिरी काळसर होतं, फ्लॅशमध्ये फिकट. "काल तपकिरी होता, आज काळा झालाय" असं वाटतं त्यात बऱ्याचदा बदललेला असतो तो उजेड.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. जितकं जास्त बघाल तितकी खात्री कमी होते. नेदरलँड्समध्ये २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना संगणकावरच्या गॅसच्या शेगडीची बटणं पुन्हा पुन्हा तपासायला लावली. शेवटी बटण बंद होतं की नाही हे त्यांना बरोबर आठवत होतं, पण आपल्या आठवणीवरचा भरवसा मात्र घटला होता. विसाव्यांदा पाय बघितल्यावर तुम्हाला जे वाटतं ते हेच. डोळ्यांनी काही नाही असं बघितलेलं असतं, आणि मन म्हणतं, नीट बघितलं का?

म्हणून बघायचं, पण असं. महिन्याचा एक दिवस ठरवा, समजा पहिला रविवार, आणि कालनिर्णयवर आत्ताच पुढच्या सहा महिन्यांच्या खुणा करा. सकाळी नऊ-दहाच्या दरम्यान, ओसरीवर उघड्या उजेडात, स्टुलावर बसून. आधी दोन्ही पाय साबणाने धुऊन कोरडे करा, तेल लावू नका. हाताशी एक छोटा आरसा आणि शाळेतल्या मुलांची प्लॅस्टिकची पट्टी. आधी दोन्ही तळवे, टाचांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, मग दहाही नखं आणि नखांच्या मुळाशी असलेली कातडी. व्रणावरून आणि भोवतीच्या दोन सेंटीमीटरवरून बोटांची पेरं सपाट फिरवा, चिमटीत धरू नका. तिथून वर पोटरी, गुडघ्यामागची खळगी, मांडीची आतली बाजू, शेवटी दोन्ही जांघा. एकच जांघ बघू नका, दोन्हीकडे सारखंच लागत असेल तर मन लवकर शांत होतं. मग तळहात, हाताची नखं, बाकीचं अंग. पाठ आणि डोक्यामागची बाजू वहिनींनी बघावी. सगळं मिळून पंधरा मिनिटं. व्रणाचा आणि तळव्यांचा एकेक फोटो, पट्टी शेजारी ठेवून, फ्लॅश बंद, दर वेळी ओसरीच्या त्याच जागी. वहीत एक ओळ: तारीख, "नवीन काही नाही" किंवा "अमुक ठिकाणी अमुक, इतके मिलिमीटर". वही आणि फोटो बंद. फोटो रात्री उघडून ताडायचे नाहीत, ताडायचे ते पुढच्या महिन्यात, त्याच उजेडात.

काय दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा, हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. व्रणात किंवा त्याच्या कडेला नवा काळा ठिपका किंवा टणक उंचवटा. व्रणापासून जांघेपर्यंतच्या वाटेवर कातडीखाली लागणारी नवी गाठ. जांघेत किंवा गुडघ्यामागे कडक, न सरकणारी, दोन-तीन आठवड्यांत कमी न झालेली गाठ. दुसरीकडे कुठेही वाढत जाणारा, रक्त येणारा किंवा भरत नसलेला डाग. एकाच नखात आलेला काळा पट्टा जो रुंद होतोय, किंवा ज्याचा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर उतरलाय. यातलं काही दिसलं म्हणजे आजार परतलाच असं नाही. आठवड्याभरात दाखवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

आणि ज्याने घाबरायला होतं पण बहुधा काही नसतं, तेही लिहा: व्रणाला महिनोन्महिने येणारी खाज, मुंग्या, बधिरपणा, गुलाबीपणा. तळव्यावरचं कुरूप. दोन्ही तळव्यांवर लहानपणापासून असलेले फिकट तपकिरी डाग, सावळ्या कातडीत ते असतातच. ठेच लागून काळं पडलेलं नख. ते रक्त असेल तर नखाबरोबर पुढे सरकतं, पायाचं नख महिन्याला दीडेक मिलिमीटर वाढतं, म्हणजे दोन महिन्यांत मुळाशी स्वच्छ नखाची रेघ दिसायला लागते.

वीसवरून एकदम महिन्यातून एकदावर येता येणार नाही, तसा हट्टही धरू नका. आधी तीन दिवस काहीच बदलू नका, फक्त मोजा. खिशात चिठ्ठी आणि पेन्सिल ठेवा, बघितलं की एक रेघ. बहुतेकांना स्वतःचा आकडा बघूनच धक्का बसतो. मग पहिल्या आठवड्यात दिवसाला दहा, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात दोन. चौथ्यापासून रोज फक्त संध्याकाळी पाय धुताना एकदा, तेही काटा-जखम आहे का एवढ्यापुरतं, कारण लावलेली कातडी बधिर असते आणि लागलेलं कळत नाही. त्यात टॉर्च नाही, मोबाईल नाही, दाबणं नाही. जांघ चाचपणं मात्र पहिल्या दिवसापासून बंद करा, ते महिन्याच्या तपासणीतच. बघायची ऊर्मी आली की घड्याळ बघा आणि दहा मिनिटं पुढे ढकला. त्या दहा मिनिटांत हाताला काम हवं: सुतळी गुंडाळा, कात्र्यांना धार लावा, जनावरांना वैरण टाका. ऊर्मी चढते, टोकाला जाते आणि साधारण वीसेक मिनिटांत उतरायला लागते. आजवर ती उतरायच्या आत तुम्ही बघून टाकत होता, त्यामुळे बघितल्यानेच ती उतरते असं मनाला वाटायला लागलंय. चौथ्या-पाचव्या दिवशी आकडा पुन्हा उसळेल. बहुतेक सगळ्यांचा उसळतो. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या आकड्यावर परत या.

डोक्यातल्या चक्राला वेगळा उपाय लागतो. संध्याकाळी साडेपाच ते पाच पन्नास ही वीस मिनिटं काळजीसाठी राखून ठेवा. अंथरुणावर नाही, जेवल्यावर नाही, खुर्चीवर बसून, वही घेऊन. दिवसभरात विचार आला की चिठ्ठीवर दोन-तीन शब्द, "पोरीचं शिक्षण", "जांघ", "परत आला तर", आणि स्वतःला म्हणा, साडेपाचला. विचार दाबायचा नाही, त्याला वेळ द्यायची. साडेपाचला पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे ज्यावर काही करता येतं ते: विम्याचे कागद शोधणं, डॉक्टरांना विचारायचा प्रश्न, चांगले बूट घेणं. त्यापुढे दिवस लिहा आणि करा. उजवीकडे ज्याचं उत्तर आज कोणाकडेच नाही ते: परत येईल का, नेमकं कशामुळे झालं. उन्हात राबलो म्हणून झालं का, असंही मनात येत असेल. तळव्याच्या मेलॅनोमात उन्हाचा मुख्य हात नसतो, आणि कोणत्या एका गोष्टीने झाला ते शोधून सापडणार नाही. उजवीकडचं सोडवायला बसायचं नाही, लिहायचं आणि वेळ संपली की वही मिटायची. पहिल्या आठवड्यात विचार साडेपाचची वाट बघणार नाहीत. दिवसातून तीस वेळा चिठ्ठी लिहावी लागली तरी लिहा. फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतात.

रात्री दोनची जाग वेगळीच. वीसेक मिनिटांत झोप लागत नाही असं वाटलं (घड्याळ न बघता, अंदाजाने) की उठून दुसऱ्या खोलीत बसा, मंद दिवा, मोबाईल नाही. श्वास चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. हे दुपारी, शांत असताना आधी आठवडाभर करून ठेवा, नाहीतर ऐन वेळी जमत नाही. झोप आली की अंथरुणावर. सकाळी उठायची वेळ मात्र तीच, रात्र कशीही गेली तरी. दुपारी चारनंतर चहा नको. झोपेसाठी दारूचा आधार नको, आणि मेडिकलमधून कोणाच्या सांगण्यावरून झोपेची गोळी तर मुळीच नको. तिची सवय लागते आणि भीती तशीच राहते.

आता वहिनींसाठी, हा भाग त्यांना वाचायला द्या. ते दिवसातून दहा वेळा विचारतात, "हे बघ गं, वेगळं दिसतंय का?" आणि तुम्ही जीव तोडून सांगता, "काही नाही हो." त्याने त्यांना अर्धा तास बरं वाटतं आणि मग पुन्हा विचारावंसं वाटतं. तुमचं उत्तरही एक तपासणीच होऊन बसतं. दोघांनी मिळून एक वाक्य ठरवा: "आपलं ठरलंय ना, रविवारी बघू." तेवढंच म्हणायचं, प्रेमाने, दर वेळी तेच, आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायचं किंवा शेजारी बसायचं. "विचार करू नका" ऐवजी "भीती वाटतेय ना, मी आहे इथे" असं म्हटलं तर माणूस एकटा पडत नाही. तुमचीही झोप उडालेली असणार. तुम्हीही कोणाशी तरी बोला.

पाहुण्यारावळ्यांना किती सांगायचं हा निर्णय तुमचा. एक तयार वाक्य उपयोगी पडतं: "पायावर डाग होता, काढला, रिपोर्ट चांगला आहे, डॉक्टर लक्ष ठेवून आहेत." कोणी हळदीचा लेप, गोमूत्र, कसली मुळी सुचवली तर व्रणावर काहीही लावू नका, कातडी रंगली किंवा सोलली तर तपासणीच फसते. मुलांना त्यांच्या वयाला झेपेल एवढं खरं सांगा. घरातली कुजबुज त्यांना ऐकू येतेच, आणि ती खऱ्यापेक्षा भयंकर वाटते. सख्खी भावंडं आणि मुलं यांनी एकदा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं तर बरं, पण मुलांचे पाय दर आठवड्याला तपासत बसू नका.

सहा महिन्यांच्या तारखेआधी दोन आठवडे सगळं पुन्हा उसळेल, हे आत्ताच धरून चाला. त्या काळात बघण्याचा आकडा वाढला तर मागे गेलो असं समजू नका. सकाळची वेळ घ्या, दिवसभर वाट बघण्यात जीव जातो. वहीतले तीन प्रश्न लिहून न्या, त्यात एक हा असावाच: "मधेच काही दिसलं तर कोणाला फोन करू आणि किती दिवसांत बघाल?" याचं सरळ उत्तर मिळालं, की पेट स्कॅनपेक्षा जास्त शांतता मिळते. डॉक्टर जे बोलले ते त्याच दिवशी, गाडीत बसल्या बसल्या लिहा. दुसऱ्या दिवशी भीती त्यातले शब्द बदलते. पुढची तारीख घेतल्याशिवाय निघू नका. साधारणपणे पहिली ५ वर्षं दर ६ ते १२ महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा, असा हा क्रम असतो.

महिनाभर हे नेटाने करूनही बघण्याचा आकडा खाली येत नसेल, किंवा दोन आठवडे सतत मन खिन्न, भूक नाही, झोप नाही, कामात लक्ष नाही असं असेल, तर मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसतज्ज्ञांकडे जा. सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, मिरजेला, कऱ्हाडला ही सोय आहे. टेली-मानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६. तो रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. तज्ज्ञांनी औषध सुचवलं तर घाबरू नका. भीती कमी करणाऱ्या या गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, म्हणून आठवड्यात सोडू नका. आणि जगून काय उपयोग, असे विचार येत असतील तर मात्र तारीख बघायची नाही, त्याच दिवशी घरच्यांना सांगायचं आणि फोन करायचा.

राहिला बागेचा प्रश्न. सर्जनना एकदा विचारून घ्या की लावलेली कातडी भार घ्यायला तयार आहे का. हो म्हणाले, तर जा. छाटणी चुकवून घरी बसलात तर दिवसाचे दहा तास पाय आणि तुम्ही असे दोघंच उराल. पहिल्या आठवड्यात सकाळी दोन तास, मग वाढवत न्या. अनवाणी नाही, चपलेवरही नाही. बंद बूट, सुती मोजे, आणि घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा, कारण बधिर कातडीला खडा टोचलेला कळत नाही. ओल्या रानात गेलात तर मोजे बदला. दुपारी पाय थोडा वेळ उशीवर. संध्याकाळी धुऊन, बोटांच्या बेचक्यांत कोरडे करून, एक नजर टाका. बाकीचं रविवारी बघू.